हवेची भिंत आणि ठिणगीची उडी



आज पुढे वाचण्याआधी एक छोटंसं काम करायचं आहे. रात्री जेवणं आटोपली, ओटा आवरून झाला, की आईला किंवा बाबांना सांगून गॅस पेटवायचा लायटर मागून घ्या. तो घेऊन दुसऱ्या खोलीत जा आणि दिवा घालवा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. आता लायटरचं तोंड कुणाच्याही अंगाकडे न धरता त्याचा दट्ट्या दाबा.

टक्!

दिसली ना ठिणगी? निळसर-जांभळी, केसाएवढी बारीक. लायटरच्या तोंडात मधोमध एक छोटी धातूची टाचणी असते आणि तिच्याभोवती धातूचं कडं. दोघांच्या मध्ये चार-पाच मिलिमीटरची मोकळी जागा. तिथे तार नाही, काही नाही. नुसती हवा! तरी वीज या टोकावरून त्या टोकावर गेली.

आता जरा विज्ञानाचं पुस्तक आठवा. त्यात काय लिहिलंय? हवा ही विजेची दुर्वाहक आहे. सेल, बल्ब आणि तार जोडून तुम्ही वर्गात प्रयोगही केला असेल. तार जराशी सुटली की बल्ब विझतो, कारण मध्ये हवा आली. मग लायटरमधली वीज हवेतून कशी गेली? पुस्तक चुकलं की लायटर?

दोघंही बरोबर आहेत बरं का! हवा ही विजेच्या वाटेतली भिंत आहे, हे अगदी खरं. पण ही भिंत दगडी नाही. एका हद्दीपर्यंत ती रेटा सोसते आणि त्यानंतर कोसळते. ती कोसळते तेव्हा जे दिसतं तीच ठिणगी. आज आपण पाहायचं आहे ते हे की भिंत कधी कोसळते, कशी कोसळते, आणि कोसळल्यावर काय होतं. हे समजून घेणं नुसतं गमतीचं नाही. त्यावर कधी कधी एखाद्याचा जीव अवलंबून असतो. कसा, ते शेवटी सांगतो.

एकाचे दोन, दोनाचे चार

हवा म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे रेणू. प्रत्येक रेणूनं आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवलेले असतात. वीज वाहायची म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळेपणानं फिरायला हवेत. तांब्याच्या तारेत असे मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर, हवेत जवळजवळ नाहीतच. म्हणून हवा दुर्वाहक.

'जवळजवळ' हा शब्द नीट वाचा हं. अवकाशातून पृथ्वीवर सतत विश्वकिरणांचा मारा होत असतो. जमिनीतल्या काही खनिजांमधूनही किरण बाहेर पडत असतात. त्यांच्या धक्क्यानं हवेतल्या एखाद्या रेणूचा इलेक्ट्रॉन निसटतो. म्हणजे चिमूटभर हवेतही केव्हा ना केव्हा एखादा भटका इलेक्ट्रॉन असतोच.

आता समजा, या हवेच्या एका बाजूला ऋण आणि दुसऱ्या बाजूला धन टोक आहे. भटका इलेक्ट्रॉन धन टोकाकडे ओढला जातो आणि धावू लागतो. पण वाटेत रेणूंची ही गर्दी! गणपती विसर्जनाच्या गर्दीतून धावायला गेलात तर काय होईल? दोन पावलं टाकताच कुणावर तरी आदळाल. इलेक्ट्रॉनचंही तसंच होतं. विजेचा दाब कमी असेल तर दोन टकरींच्या मध्ये त्याला वेगच घेता येत नाही. तो आदळतो, थबकतो, पुन्हा निघतो. भिंत शाबूत!

दाब वाढवला तर? मग दोन टकरींच्या मधल्या इवल्याशा जागेतही तो भन्नाट वेग घेतो. इतका, की ज्या रेणूवर आदळेल त्याचा एक इलेक्ट्रॉन तो बाहेर फेकतो. आता धावणारे झाले दोन. ते दोघं आणखी दोघांना सोडवतात, म्हणजे चार. मग आठ, सोळा, बत्तीस...

शाळेत 'उद्या सुट्टी आहे!' ही बातमी कशी पसरते? एकानं दुसऱ्याला सांगितली, त्या दोघांनी आणखी दोघांना, की मधली सुट्टी संपायच्या आत ती सगळ्या वर्गांत पोचलेली असते. हिशेब करून पाहा. दहा वेळा दुप्पट केलं की एकाचे १,०२४ होतात. वीस वेळा केलं की १०,४८,५७६! डोंगरावरून एक धोंडा सुटावा, त्यानं वाटेतले दोन-चार सोडवावेत आणि बघता बघता सगळी दरड खाली यावी, तशी ही इलेक्ट्रॉनची दरड कोसळते. हे सगळं होतं ते तुमची पापणी लवायच्या कितीतरी आधी.

ज्या रेणूंचे इलेक्ट्रॉन गेले ते धनभारित होऊन उलट्या दिशेला ओढले जातात. आता त्या फटीतली हवा साधी हवा राहिलेली नसते. सुट्या इलेक्ट्रॉननी आणि भारित कणांनी भरलेली ती एक वाट बनते. शास्त्रज्ञ तिला प्लाझ्मा म्हणतात. प्लाझ्मा विजेचा चांगला वाहक असतो. म्हणजे असं म्हणा ना, की विजेनं हवेचीच तार करून घेतली!

या वाटेतून वीज धावली की हवा हजारो अंश तापते. टकरींनी खवळलेले रेणू शांत होताना प्रकाश देतात. नायट्रोजनचा प्रकाश निळा-जांभळा, म्हणून ठिणगीचा रंग तसा. तापलेली हवा एकदम फुगते आणि भोवतालच्या हवेला धक्का देते, तोच 'टक्' असा आवाज. लायटरमधलं 'टक्' काही अंशी आतल्या छोट्या हातोडीचंही असतं बरं का.

ठिणगी मोजा, व्होल्ट सांगा

हवेची भिंत किती दाबाला कोसळते? याचं एक सोपं गणित आहे. नेहमीच्या कोरड्या हवेत, दोन गुळगुळीत पृष्ठभागांच्या मध्ये एक मिलिमीटरची फट असेल, तर ठिणगी पडायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. दोन मिलिमीटरला ६,०००. एक सेंटिमीटरला ३०,०००. टोकं अणकुचीदार असतील तर जोर टोकापाशी एकवटतो आणि कमी व्होल्टमध्येच काम भागतं. पण अंदाजाला हे गणित छान आहे.

आता पाहा. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलचा दाब दीड व्होल्ट. त्याच्यासाठी हवेची पातळशी भिंतही म्हणजे सह्याद्रीच. आणि लायटर? चार-पाच मिलिमीटरची फट म्हणजे दहा हजार व्होल्टच्या घरातला दाब!

त्या एवढ्याशा लायटरमध्ये ना सेल, ना वायर. मग एवढे व्होल्ट येतात कुठून? त्याच्या पोटात एका खास चिनी मातीसारख्या पदार्थाचा तुकडा असतो. दट्ट्या दाबला की स्प्रिंगवरची हातोडी त्यावर ठोका मारते. काही स्फटिक दाबले की त्यांच्या दोन बाजूंवर विरुद्ध विद्युतभार गोळा होतो. १८८० साली फ्रान्समधल्या झाक आणि पिएर क्युरी या दोन भावांनी हे शोधून काढलं. त्यातले पिएर म्हणजे पुढे मेरी क्युरींचे पती झाले तेच.

इथे तुमच्यातला एखादा चौकस वाचक हात वर करेल. 'काका, घरातल्या प्लगमध्ये फक्त २३० व्होल्ट असतात, तरी त्यानं माणूस मरू शकतो. मग लायटरच्या दहा हजार व्होल्टनं काहीच कसं होत नाही?'

शाब्बास! प्रश्न असा विचारावा. रंगपंचमीची पिचकारी आठवा. जोरात दाबली तर पाणी लांबवर उडतं. जोर भरपूर, पण पाणी किती? पेलाभर. अंगावर उडालं तर दचकाल, एवढंच. आता एखाद्या धरणाचा दरवाजा उघडला तर? व्होल्ट म्हणजे पाण्याचा जोर. पण मागे पाण्याचा साठा किती आहे, हा प्रश्न वेगळा. लायटरची ठिणगी ही पिचकारी आहे. क्षणात संपते. घरातल्या प्लगमागे मात्र अख्खं वीजकेंद्र उभं असतं. तिथली वीज संपतच नाही, अंगातून वाहतच राहते.

हे वाक्य लक्षात ठेवा. ठिणगी ही फक्त वाट उघडते. त्या वाटेनं पुढे काय येणार, ते मागे कोण उभं आहे त्यावर ठरतं.

स्वेटर, ताटली आणि तुम्ही

पिचकारीचीच ठिणगी आपण घरी बनवू शकतो. हिवाळ्यात रात्री अंधारात स्वेटर काढताना तडतड ऐकली असेल, चमचम दिसली असेल. लोकर आणि कपडे एकमेकांवर घासले की इलेक्ट्रॉन एकावरून दुसऱ्यावर जातात. एका बाजूला ते जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. दाब हजारो व्होल्टवर गेला की तट्! एक मिलिमीटरची ठिणगी दिसली तर समजा, तीन हजार व्होल्ट झाले.

नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे इकडच्या मुलांना ही गंमत थंडीत सहज दिसेल. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या मुलांनो, तुम्हाला थोडी जास्त खटपट करावी लागेल. तुमच्याकडची हवा दमट. वस्तूंवर पाण्याचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि त्यावरून विद्युतभार हळूच पळून जातो. साठलाच नाही तर उडी कुठून मारणार?

आता प्रयोग. साहित्य: एक जाड, सपाट प्लॅस्टिकचं फोल्डर, लोकरीचं कापड, गुळगुळीत काठाची स्टीलची छोटी ताटली, एक कोरडा प्लॅस्टिकचा पेला आणि चिकटपट्टी.

१. ताटलीच्या वरच्या बाजूला मधोमध पेला चिकटवा. ही झाली मूठ.

२. फोल्डर लाकडी टेबलावर ठेवा आणि लोकरीच्या कापडानं मिनिटभर खसाखसा घासा.

३. पेल्याला धरून ताटली फोल्डरवर ठेवा. ताटलीला बोट लावू नका.

४. आता ताटलीला बोट एकदाच लावा आणि काढून घ्या. बारीक 'टिक्' ऐकू येईल.

५. पेल्याला धरून ताटली उचला आणि बोटाचं पेर हळूहळू तिच्या काठाजवळ न्या. टक्!

काय झालं? घासल्यामुळे फोल्डर ऋणभारित झालं. त्यानं ताटलीतल्या इलेक्ट्रॉनना दूर ढकललं आणि तुमचं बोट लागताच ते बोटातून निसटले. ताटलीत इलेक्ट्रॉनची तूट पडली. ताटली वर उचलताच तुटीचा जोर वाढला आणि बोट जवळ येताच इलेक्ट्रॉननी उडी मारून ती भरून काढली. पुन्हा न घासता तीन, चार, पाच या पायऱ्या परत परत करा, दर वेळी ठिणगी मिळेल. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७५ साली अशाच साधनाचा प्रसार केला. 'व्होल्ट' हे नाव त्यांच्यावरूनच पडलं.

किती मिलिमीटरवरून ठिणगी उडाली ते अंदाजानं पाहा, तीन हजारनं गुणा आणि उत्तर वहीत लिहा. हा प्रयोग गॅसच्या शेगडीजवळ, रॉकेल-पेट्रोलजवळ किंवा मोबाइल-कॉम्प्युटरशेजारी करायचा नाही. कारण पुढे येतंच आहे.

बाबांची मोटरसायकल आणि आईचा नियम

मोटरसायकलचं इंजिन ठिणगीवर चालतं. स्पार्क प्लगच्या टोकाशी एक मिलिमीटरहूनही लहान फट असते. आपल्या गणितानं तिथे तीन हजार व्होल्टही पुरायला हवेत. पण प्रत्यक्षात दहा हजार किंवा त्याहून जास्त लागतात. का? कारण इंजिनात ठिणगी पडते तेव्हा पेट्रोलची वाफ आणि हवा पिस्टननं दाबून दाट केलेली असते. गर्दी जितकी दाट, तितकी इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला जागा कमी. ठिणगीचा दाब हा फटीची लांबी आणि हवेची दाटी या दोन्हींवर अवलंबून असतो, हे जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ साली मोजून दाखवलं. गाडीची बॅटरी असते फक्त १२ व्होल्टची. तिचा दाब इग्निशन कॉइल नावाचं तारेचं वेटोळं वाढवून देतं. मिनिटाला ६,००० फेरे घेणाऱ्या फोर स्ट्रोक इंजिनाला सेकंदाला ५० वेळा पेट द्यावा लागतो. आहे की नाही कमाल?

आता घरातला पंख्याचा खटका पाहा. बंद करताना कधी कधी आत बारीक निळी चमक दिसते. तिथे तर २३० व्होल्टच. मग ठिणगी कशी? खटक्यातले धातूचे दोन तुकडे सुटे होताना अगदी शेवटच्या क्षणी एका बिंदूपुरतेच चिकटलेले असतात. सगळी वीज त्या बिंदूतून जाते, तो लालबुंद तापतो, धातूची वाफ होते आणि त्या वाफेतून वीज पलीकडे जाते. शिवाय पंख्यातलं तारेचं वेटोळं वाहती वीज एकदम थांबू देत नाही. ते क्षणभर दाब वाढवतं.

ही चमक एरवी निरुपद्रवी. पण समजा, घरात गॅस गळतोय. हवेत गॅस मिसळला असेल तर तो पेटायला स्वेटरच्या ठिणगीएवढी ऊर्जाही पुरते. म्हणून गॅसचा वास आला की एकही खटका दाबायचा नाही. चालू असेल तो बंद करायचा नाही, बंद असेल तो लावायचा नाही. दिवा लावून बघू या, असं अजिबात नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायला मोठ्यांना सांगा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि बाहेर आल्यावरच फोन करा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. 'का?' असं कुणी विचारलं तर आता तुम्हाला कारण सांगता येईल.

आकाशातली मोठी बहीण

ठिणगीची सगळ्यात मोठी बहीण कोण? बरोबर, आकाशातली वीज. पण तिथे आपलं गणित लावून बघा. एक किलोमीटर म्हणजे दहा लाख मिलिमीटर. गुणिले तीन हजार. उत्तर आलं ३०० कोटी व्होल्ट! ढग आणि जमीन यांच्यातला दाब असतो दहा कोटी व्होल्टच्या आसपास. मग वीज पडतेच कशी?

ती एका उडीत येत नाही, टप्प्याटप्प्यानं येते. ढगात जिथे जोर फार एकवटलाय तिथली हवा आधी फुटते. फुटलेल्या वाटेचं टोक अणकुचीदार असतं, त्यामुळे सगळा जोर त्या टोकापाशी येतो आणि पुढची काही मीटर हवा फुटते. पुन्हा नवं टोक, पुन्हा नवी उडी. एकेक उडी पन्नासएक मीटरची. एखाद्यानं जिना उतरावा तशी वीज उतरते, म्हणून तर ती वाकडीतिकडी दिसते. ती जमिनीजवळ आली की उंच वस्तूंच्या टोकांवरूनही बारीक ठिणग्या वर निघतात. झाड, खांब, किंवा मोकळ्या रानात उभा असलेला माणूस! वरची आणि खालची वाट जुळली की लखलखाट. त्या वाटेतली हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती एकदम फुगते, तोच गडगडाट.

म्हणून पाऊस सुरू होण्याआधीच्या वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात जपायचं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरला तीन सेकंद. पण अंतर मोजत बाहेर उभं राहायचं नाही. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जायचं, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं 'दामिनी' नावाचं मोबाइल ॲप तयार केलंय. आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते इशारा देतं. गावाकडच्या आजी-आजोबांच्या किंवा काकांच्या फोनवर ते तुम्हीच घालून द्या.

आता ती महत्त्वाची गोष्ट

सुरुवातीला म्हटलं होतं ना, यावर एखाद्याचा जीव अवलंबून असतो म्हणून? आता ऐका.

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेवरची रेल्वेगाडी धावली, व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला. तिच्या वरच्या तारेत १,५०० व्होल्ट होते. मुंबईच्या लोकल गाड्या २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्यानं २५,००० व्होल्टवर आल्या. देशात इतर मार्गांवरही हाच दाब असतो. ही वीज सतत दिशा बदलत असल्यामुळे तिचा क्षणाक्षणाचा दाब ३५,००० व्होल्टपर्यंत चढतो.

आता तुम्ही हिशेबाला बसाल आणि म्हणाल, ३५,००० भागिले ३,००० म्हणजे बारा मिलिमीटर. एवढंच ना? मग हातभर लांब राहिलं की झालं!

नाही. इथेच फसायला होतं. आपलं गणित गुळगुळीत पृष्ठभागांसाठी होतं. माणसाची बोटं, हातातली काठी, सेल्फी स्टिक ही सगळी टोकं आहेत, तिथे ठिणगी जास्त लांबून येते. जवळपास वीज पडली तर तारेतला दाब अचानक उसळू शकतो. पाऊस, धूर आणि ओला बांबू यांच्यामुळे भिंत आणखी कच्ची होते. तार वाऱ्यानं हलते, माणसाचा तोल जातो. म्हणूनच या तारेपासून दोन मीटरच्या आत कुणीही यायचं नाही, असा रेल्वेचा नियम आहे.

आणखी एक हिशेब करा. ही तार रुळांपासून साधारण साडेपाच मीटर उंच असते. डब्याचा टप साधारण चार मीटर उंच. उरले किती? दीड मीटर. आता तुमची स्वतःची उंची आठवा. टपावर नुसतं उभं राहिलं तरी डोकं तारेपाशी पोचतं. फोटोसाठी हात वर केला तर बोलायलाच नको.

तारेला हात लावावाच लागत नाही, हे ध्यानात घ्या. हवेची भिंत कोसळते, हवेची तार होते आणि ती तार त्या मुलाच्या अंगात शिरते. तिथून धातूचा टप, चाकं, रूळ आणि जमीन. वाट पूर्ण! ही पिचकारी नव्हे, हे धरण. यंत्रणा वीज तोडते, पण तोवर उशीर झालेला असतो.

'मग तारेवर पक्षी कसे बसतात?' पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. त्याच्यातून जमिनीकडे वाट नसते. आपण टपावर असतो तेव्हा आपणच ती वाट असतो.

आणि हो, यार्डात इंजिनाशिवाय उभी असलेली मालगाडी 'बंद' वाटते. डबे बंद असतात, वरची तार नव्हे. दरवर्षी शिकलेली, हुशार मुलं फोटोसाठी अशा वाघिणींवर चढतात आणि वर्तमानपत्रात त्यांची बातमी येते. त्यांना शाळेत दुर्वाहक हा शब्द शिकवला होता. ही भिंत कोसळते, एवढं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला आता माहीत आहे.

हाच धडा गावाकडच्या विजेच्या तारांनाही लागू. तिथे बऱ्याच ठिकाणी ११,००० व्होल्ट असतात. संक्रांतीला तारेत अडकलेला पतंग काठीनं, आकड्यानं काढायचा नाही. पतंग पाच-दहा रुपयांचा, नवा घ्या. तारांखालून लांब पाइप किंवा शिडी उभी धरून न्यायची नाही. तार तुटून खाली पडली असेल तर जवळ जायचं नाही, इतरांनाही लांब ठेवायचं आणि मोठ्यांना सांगून वीज कंपनीला कळवायचं.

वीज ही आपली शत्रू नाही हं. तिच्या ठिणगीवर आपली शेगडी पेटते, गाडी धावते. फक्त पिचकारी कोणती आणि धरण कोणतं, हे ओळखता आलं पाहिजे.

जाता जाता दोन कोडी. पहिलं सोपं आहे: वीज चमकल्यावर बारा सेकंदांनी गडगडाट ऐकू आला, तर ती किती लांब पडली? दुसरं जरा अवघड: आपल्या प्रयोगातल्या ताटलीच्या काठाला एक टाचणी बाहेर टोक येईल अशी चिकटवली, तर ठिणगी मोठी येईल की लहान? आधी वहीत अंदाज लिहा, मग करून पाहा. अंदाज चुकला तर खोडू नका. तो का चुकला, ते खाली लिहा.

आणि आज रात्री हा अंक मिटण्याआधी तुमच्या एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला दीड मीटरचं ते गणित सांगा. सुट्टीची बातमी पसरते तशी ही बातमीही पसरू द्या. एकाचे दोन, दोनाचे चार!

तर मग भेटू, पुढच्या आठवड्यात.